विश्लेषण : इंदूरच्या वीकेंडचा बेत आखताना दिवस मोजायचे की रात्री?

शुक्रवारी रात्री निघायचे, सोमवारी सकाळी ऑफिस गाठायचे आणि मधल्या दोन दिवसांत इंदूर, उज्जैन, ओंकारेश्वर असे तिन्ही उरकायचे. मुंबई, पुणे, नाशिककडच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर ठरणाऱ्या इंदूरच्या सहलीचा हा जवळजवळ ठरलेला साचा. कागदावर तो बसतोही. प्रत्यक्षात शनिवार उज्जैनच्या रांगेत जातो, रविवार ओंकारेश्वरच्या घाटरस्त्यात. रात्री नऊ वाजता दमलेली मंडळी हॉटेलच्या खोलीत अंग टाकतात आणि नेमके त्याच वेळी इंदूर जागे होऊ लागते.

बहुतेक शहरांची सहल दिवसांत मोजता येते. इंदूरची रात्रींत मोजावी लागते. या शहराची ओळख झालेला सराफा रात्री नऊनंतर रंगतो आणि मध्यरात्र उलटेपर्यंत चालतो. त्यामुळे ‘दोन दिवस’ म्हणजे हातात एक रात्र की दोन रात्री, हा बेत आखतानाचा पहिला प्रश्न. बाकीचे निर्णय त्यावर ठरतात.

सराफा नेमका कसा चालतो?

राजवाड्याच्या मागच्या बाजूला, चालत काही मिनिटांवर हा सोन्याचांदीचा बाजार आहे. दिवसा तिथे खरोखरच दागिन्यांची खरेदी-विक्री चालते. दिवसा जाऊन ‘खाऊगल्ली कुठे आहे?’ असे विचारणारे पाहुणे तिथल्या दुकानदारांना नवे नाहीत. रात्री आठच्या सुमारास पेढ्यांची शटर खाली येऊ लागतात आणि त्याच शटरांसमोर, त्याच ओट्यांवर खाद्यपदार्थांचे ठेले मांडले जातात. दुकाने बंद झाल्यावरही बाजारात माणसांचा वावर राहावा, म्हणजे चोराचिलटांचे भय कमी, म्हणून सराफांनीच याला उत्तेजन दिले असे शहरात सांगितले जाते.

काय खायचे याच्या याद्या इंटरनेटवर ढिगाने आहेत. त्यांत बहुतेकदा न सापडणारी गोष्ट म्हणजे खाण्याचा हिशेब. भुट्टे का कीस म्हणजे किसलेला मका तुपात परतून दुधात शिजवलेला. तो हलका वाटतो, पण पोट भरतो. जलेबा हा जिलबीचा थोरला भाऊ, एक नग पाव किलोच्या आसपास. दहीवडा, खोबऱ्याचे सारण भरलेले खोपरा पॅटिस, मालपुवा, रबडी, मावाबाटी हे सगळे पुढे उभेच असते. एकट्याने तीन पदार्थ संपवले की चौथ्याकडे नुसते बघायचे राहते. चौघांत एक प्लेट, हा सराफ्याचा व्यवहार्य नियम. आणि संध्याकाळचे जेवण सरळ रद्द.

मराठी माणसाला दोन ठिकाणी हमखास धक्का बसतो. एक, साबुदाण्याची खिचडी. इथे ती शेंगदाण्याच्या कुटात परतलेली नसते; वाफेवर ठेवलेल्या मोकळ्या साबुदाण्यात वरून मसाला, लिंबू आणि फराळी चिवडा घालून ती मिळते. सराफ्यात रात्री अकरा वाजता ती खाणाऱ्यांपैकी उपवास किती जणांचा असतो, हा वेगळा विषय. दुसरा धक्का शिकंजीचा. उत्तरेत इतरत्र शिकंजी म्हणजे लिंबाचे सरबत, इंदुरात मात्र आटवलेल्या दुधाचे, सुकामेवा घातलेले दाट पेय. तहान भागवायला मागवले तर पंचाईत होते.

ऋतूही बघावा लागतो. गराडू हा रताळ्या-सुरणाच्या जातकुळीतला कंद तळून, मसाला आणि लिंबू मारून देतात. तो थंडीतला पदार्थ. मे महिन्यात जाऊन गराडू शोधण्यात अर्थ नाही. मक्याचा कीस खरा रंगतो तो पावसाळ्यात, ताजी कणसे बाजारात असताना.

गर्दीबद्दल स्पष्ट सांगायला हवे. शनिवारी रात्री दहा ते बारा या वेळेत सराफ्यात चालता येत नाही, ढकलले जाता येते. लहान मुले किंवा गुडघ्यांची तक्रार असलेली मोठी माणसे बरोबर असतील तर ठेले मांडून होताहोताच पोहोचावे आणि दहाच्या आत बाहेर पडावे. वाहन आतपर्यंत जात नाही. राजवाडा चौकात उतरून चालत जावे लागते आणि परतीची रिक्षा किंवा अॅपवरची टॅक्सी त्याच बाजूला येऊन पकडावी लागते.

रेल्वेने गेल्यास हातात किती तास पडतात?

मुंबईहून जाणाऱ्यांची लाडकी गाडी म्हणजे अवंतिका एक्स्प्रेस. मुंबई सेंट्रलहून संध्याकाळी सुटते, दुसऱ्या दिवशी सकाळी इंदुरात. परतीची गाडी इंदूरहून संध्याकाळीच निघते आणि सकाळी मुंबईत सोडते. सोमवारच्या ऑफिससाठी हे वेळापत्रक उत्तम.

आता बेरीज करू. शनिवारी सकाळी नऊ ते रविवारी संध्याकाळी पाच, म्हणजे ३२ तास. त्यातून सात तास झोप वजा. खोली घेणे, आंघोळ, आवराआवर, स्टेशनवर वेळेआधी पोहोचणे यांत तीन तास सहज जातात. उरले २२. उज्जैनला जाऊन-येऊन, दर्शनाच्या रांगेसह, सहा ते आठ तास धरावे लागतात. ओंकारेश्वरला आठ-नऊ. दोन्ही केले तर इंदूरसाठी पाच ते आठ तास शिल्लक, आणि तेही दमल्या अंगाने. रेल्वेच्या या बेतात रात्र एकच मिळते आणि ती शनिवारची, सर्वाधिक गर्दीची.

पुणेकरांचे गणित आणखी अवघड आहे. दौंडहून निघून पुणेमार्गे इंदूरला जाणारी गाडी पुण्यातून दुपारी सुटते, म्हणजे शुक्रवारची किमान अर्धी रजा आलीच. ही गाडी कल्याण, वसई, सुरत, वडोदरा, रतलाम असा गुजरातला वळसा घालून जाते. रस्त्याने पुणे ते इंदूर अंतर ६०० किलोमीटरच्या आसपास असताना रेल्वेला इतका मोठा फेरा का? कारण महाराष्ट्रातून इंदूरला सरळ उत्तरेकडे जाणारा लोहमार्गच नाही. मनमाड ते इंदूर या ३०९ किलोमीटरच्या नव्या मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. अंदाजित खर्च १८,०३६ कोटी रुपये. तो मार्ग पूर्ण झाला की नाशिक, धुळे, मालेगावकडच्या लोकांसाठी इंदूर खऱ्या अर्थाने वीकेंडच्या टप्प्यात येईल. तोवर रस्ता आहेच.

रस्ता म्हणजे जुना मुंबई-आग्रा महामार्ग. नाशिक, धुळे, शिरपूर, मग सेंधव्याजवळचा बिजासन घाट, खलघाटला नर्मदा ओलांडायची आणि माळव्याच्या पठारावर चढायचे. धुळ्याहून इंदूर साधारण अडीचशे किलोमीटर. खानदेशातल्या वाचकाला त्यामुळे वर लिहिलेली तासांची ओढाताण फारशी लागू नाही. शनिवारी पहाटे निघून दुपारच्या जेवणाला तो इंदुरात असतो. मुंबई-पुण्याहून रात्रीच्या स्लीपर बस भरपूर आहेत. फक्त घाटात ट्रक अडकले की सकाळी सातची बस दहाला पोहोचते, हे धरून चालावे. परतीला बस घेतली तर सोमवारी सकाळी पहिल्या मीटिंगची वेळ कुणाला देऊ नये.

विमानाने मुंबई-इंदूर हे अंतर सव्वा-दीड तासाचे. विमानतळ शहराला लागूनच आहे, राजवाड्यापासून दहा किलोमीटरच्या आत. तिकीट रेल्वेपेक्षा महाग असणारच, पण तुलना फक्त तिकिटाशी करून चालत नाही. शुक्रवारी संध्याकाळच्या विमानाने निघालेला माणूस त्याच रात्री दहाला सराफ्यात उभा राहू शकतो आणि रविवारी संध्याकाळपर्यंत त्याच्या हातात दोन रात्री पडतात. जादा पैशांत मिळते ती एक रात्र. ज्याला खाण्यासाठीच जायचे आहे त्याच्या दृष्टीने हा सौदा वाईट नाही. चार जणांच्या कुटुंबाला मात्र तो परवडेलच असे नाही, आणि त्यांच्यासाठी पुढचा मार्ग अधिक उपयोगाचा आहे.

उज्जैन आणि इंदूर दोन्ही जमवायचेच असेल तर?

अनेक घरांत हा बेत आई-वडिलांना महाकालाचे दर्शन घडवण्यासाठीच निघतो. तिथे ‘उज्जैन सोडा’ हा सल्ला चालणार नाही, आणि चालूही नये. नकाशा पाहिला तर एक सोपा उपाय दिसतो. मुंबई आणि पुण्याहून येणाऱ्या या दोन्ही गाड्या इंदूरच्या आधी उज्जैनला थांबतात. तरीही बहुतेक जण थेट इंदूरचे तिकीट काढतात, हॉटेलात सामान टाकतात आणि मग टॅक्सी करून ५५ किलोमीटर मागे उज्जैनला जातात. पुन्हा तेवढेच परत.

त्याऐवजी शनिवारी सकाळी उज्जैनलाच उतरावे. सामान क्लोकरूममध्ये किंवा काही तासांसाठी घेतलेल्या खोलीत ठेवून दर्शन करावे, दुपारी जेवून रस्त्याने इंदूर गाठावे. चार-पाचपर्यंत मंडळी इंदूरच्या खोलीत असतात, दोन तास पडायला मिळतात आणि रात्री सराफा. रविवार पूर्ण इंदूरचा, परतीची गाडी इंदूरहूनच. एक फेरी वाचली की तीन तास वाचतात. २२ तासांच्या हिशेबात तीन तास फार मोठे.

यात भस्मारती बसत नाही. ती पहाटे चारच्या सुमारास होते, तिची नोंदणी आधी करावी लागते आणि त्यासाठी आदल्या रात्री उज्जैनला मुक्काम हवा. भस्मारती हेच मुख्य कारण असेल तर तो उज्जैनचा वीकेंड समजावा. इंदूर वाटेत लागले तर लागले. ऑक्टोबर २०२२ मध्ये ‘महाकाल लोक’ परिसर खुला झाल्यापासून उज्जैनच्या शनिवार-रविवारच्या गर्दीचे स्वरूपच बदलले आहे. २०२८ चा सिंहस्थ जवळ येत असल्याने इंदूर-उज्जैन परिसरात रस्त्यांची कामेही निघाली आहेत. नकाशाचे अॅप दाखवते त्या वेळेत अर्धा-पाऊण तास आपल्या मनाने वाढवावा.

ओंकारेश्वर या बेतातून वगळावे. अंतर ऐंशीच्या आसपास असले तरी वाटेत घाट आहे आणि नर्मदाकाठी पोहोचल्यावर धावपळ करण्याची ती जागा नाही. महेश्वरचेही तसेच. अहिल्याबाईंच्या ओढीने इंदूरला जाणारे बरेच जण राजवाड्यात त्यांना शोधतात. पण १७६७ ते १७९५ या काळात अहिल्याबाईंनी राज्यकारभार पाहिला तो महेश्वरहून. इंदूर होळकरांची राजधानी झाले ते त्यानंतर, १८१८ च्या मंदसौर तहाच्या वेळी. त्यांचा साधा वाडा आणि नर्मदेचा घाट पाहायचा तर महेश्वरला स्वतंत्र मुक्काम करावा. इंदूरहून अंतर साधारण ९० किलोमीटर.

मग दिवसा इंदुरात काय?

सकाळ पोहे-जिलबीची. आपल्याकडे पोहे फोडणीत परततात, इंदुरात ते वाफेवर धरतात. वरून शेव, कांदा आणि जिरावण नावाचा मसाला. छप्पन दुकान हा न्यू पलासियातला वाहनमुक्त खाऊरस्ता दिवसाही चालतो, त्यामुळे सराफा हुकला तर निदान तो तरी पदरात पडतो.

राजवाडा सात मजली. खालचे तीन मजले दगडाचे, वरचे चार लाकडाचे. १९८४ च्या दंगलीत त्याचा मोठा भाग जळाला, आज दिसतो त्यातला बराच नंतर उभा केलेला आहे. त्याच्या जवळच कृष्णपुऱ्याच्या छत्र्या आहेत, होळकर घराण्यातल्या व्यक्तींच्या स्मरणार्थ बांधलेल्या. लालबाग पॅलेस थोडा लांब. तिथे आणि संग्रहालयात सोमवारी साधारणपणे सुट्टी असते, त्यामुळे सोमवार जोडून लाँग वीकेंड करणाऱ्यांनी ही ठिकाणे आधी उरकावीत. दुरुस्तीच्या कामामुळे लालबागचे काही भाग बंद असू शकतात, निघण्यापूर्वी चौकशी करावी. काच मंदिर हे जैन मंदिर अर्ध्या तासात होते. आत फोटो काढू देत नाहीत.

मराठी वाचकासाठी या शहरात आणखी एक थर आहे. लता मंगेशकर यांचा जन्म १९२९ मध्ये इथलाच. कर्नल सी. के. नायडू, मुश्ताक अली यांचा होळकर संघ चार वेळा रणजी करंडक जिंकला. बाजारात मराठी बोलून पाहिले तर कधीकधी उत्तरही मराठीत येते, जरा हिंदी वळणाचे.

आणि शहरापासून पंचवीसेक किलोमीटरवर महू, आताचे डॉ. आंबेडकर नगर. १४ एप्रिल १८९१ रोजी बाबासाहेबांचा जन्म इथे झाला. त्या जागी स्मारक आहे. इंदूरच्या बहुतेक ‘टॉप टेन’ याद्यांमध्ये ते नसते, हे नवलच. रविवारी सकाळी लवकर निघून दुपारच्या जेवणापर्यंत परत येता येते. १४ एप्रिलच्या आसपास मात्र देशभरातून अनुयायी येतात, तेव्हा मुक्कामाची सोय आधी केलेली बरी.

पावसाळ्यात महूच्या पुढचा पातालपाणी धबधबा खुणावतो. लांबून पाहावा. २०११ मध्ये अचानक आलेल्या लोंढ्यात इथे पाण्यात उतरलेली माणसे वाहून गेली होती. वर आकाश मोकळे दिसत असतानाही मागच्या डोंगरात पडलेल्या पावसाचे पाणी काही मिनिटांत खाली येते.

आरक्षण कोणत्या क्रमाने करावे?

रेल्वेचे आगाऊ आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी खुले होते. पूर्वी ही मुदत १२० दिवसांची होती. यातली खोच अशी की शुक्रवारचे तिकीट रविवारच्या तिकिटापेक्षा दोन दिवस आधी मिळते. लोक उत्साहाने जाण्याचे तिकीट काढतात, त्याच दिवशी परतावा न मिळणारे हॉटेल स्वस्तात दिसते म्हणून तेही पक्के करतात. दोन दिवसांनी रविवारच्या गाडीला वेटिंग लागते. जाण्यासाठी बसचा पर्याय निघतो, सोमवारी सकाळी वेळेत पोहोचवणारा पर्याय सहज निघत नाही. म्हणून परतीचे तिकीट हातात येईपर्यंत हॉटेलचे पैसे अडकवू नयेत.

वेटिंगचे ई-तिकीट चार्ट तयार झाल्यावरही पक्के झाले नाही तर आपोआप रद्द होते. ते दाखवून आरक्षित डब्यात बसता येत नाही. तत्काळची आशा असेल तर वातानुकूलित वर्गाची नोंदणी आदल्या दिवशी सकाळी १० वाजता आणि स्लीपरची ११ वाजता सुरू होते. जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळसाठी आयआरसीटीसीचे खाते आधारशी जोडून पडताळलेले असणे बंधनकारक आहे. ही पडताळणी दहा वाजून एक मिनिटांनी करायला घेतली तर तिकीट गेलेच.

राहायचे कुठे, आणि कधी जाऊ नये?

इंदुरात राहण्याचे दोन मुख्य पट्टे: स्टेशन-राजवाड्याच्या बाजूचे जुने शहर आणि विजयनगरकडचे नवे शहर. विजयनगरची हॉटेले ऐसपैस, पण मध्यरात्री सराफ्यातून तिथवर परतायचे असते. एकच रात्र असेल तर जुन्या शहराच्या जवळ राहणे सोयीचे. मेट्रो सुरू झाली आहे, म्हणून तिच्या भरवशावर हॉटेल घेऊ नये. मे २०२५ मध्ये सुरू झालेला साधारण सहा किलोमीटरचा पहिला टप्पा सुपर कॉरिडॉरवर आहे, राजवाड्यापासून दूर. खोली घेताना चेक-इनची वेळ विचारून घ्यावी. गाडी सकाळी पोहोचते आणि खोली दुपारी बाराला मिळते, हा प्रकार सर्रास घडतो.

रंगपंचमीला राजवाडा परिसरात ‘गेर’ निघते, लाखोंची गर्दी आणि रंगांचे फवारे. अनंत चतुर्दशीच्या रात्री गिरण्यांच्या परंपरेतल्या झांक्या, म्हणजे चित्ररथ, रात्रभर रस्त्यावर असतात. हे बघायलाच जाणाऱ्यांनी जरूर जावे. शांतपणे खायला जाणाऱ्यांनी हे दिवस टाळावेत. होळकर स्टेडियमवर आंतरराष्ट्रीय सामना असला की हॉटेलांचे दर चढतात. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी पारा चाळिशीपार जातो. माळव्यातल्या रात्री मात्र त्या मानाने सुसह्य, ‘शब-ए-मालवा’ हा शब्दप्रयोग उगाच आलेला नाही.

राहिला पाण्याचा विषय. केंद्राच्या स्वच्छ सर्वेक्षणात इंदूर २०१७ पासून सलग पहिले आले आणि रस्त्यावर ते दिसतेही. सराफ्यात हजारो जण खाऊन गेले तरी पायाखाली द्रोण सहसा सापडत नाहीत. पण त्याच शहरात डिसेंबर २०२५ च्या अखेरीस भागीरथपुरा भागात नळाला सांडपाणी मिसळलेले पाणी येऊन अनेक जण आजारी पडले आणि त्यात मृत्यूही झाले. झाडलेला रस्ता आणि जमिनीखालची जलवाहिनी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाहुण्याने सीलबंद पाणी प्यावे आणि बर्फ घातलेल्या पेयांबाबत जपून राहावे.

शेव आणि जिरावणाची खरेदी रविवारी दुपारी, गाडीच्या आधी दोन तास हातात ठेवून करावी. शनिवारी रात्री सराफ्याच्या गर्दीत एका हातात पिशव्या असतील तर जलेबा कोणत्या हाताने धरणार?